काटा

मार्केट यार्डात रताळी तोलतो मी,
सव्वीस वर्षं.
पावती कानडीत छापलेली, आकडे माझे मराठी.
पोतं चढतं, पोतं उतरतं,
मी बोलतो, कारकून लिहितो.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे ओमाण्णा आला,
चपला बाजूला काढल्या
आणि काट्यावर उभा राहिला.
"बघ की गा."
एकशे अठरा.
"बारदान वजा कर," म्हणाला.
हसलो दोघं. मग खाली उतरता उतरता,
"यंदा जत्रेत खेळणार हाय."

सत्तेचाळीस वय.
साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी,
डाव्या गुडघ्यात पाणी,
कान केव्हाच मोडून भज्यासारखे झालेले.
लंगोट सोडून अकरा वर्षं.
एके काळी त्याचं नाव पुकारलं
की हलगीवाला हलगी पुन्हा शेकून घ्यायचा.

मी काही बोललो नाही.
तोलाऱ्यानं मालाला नावं ठेवू नयेत.

एकशे तेरा.
एकशे नऊ, संक्रांतीला;
खिशातला लाडू काढून माझ्या हातावर ठेवला,
"हा धरू नको."

त्याची बायको शेवंता पलीकडच्या गाळ्यात कांदा निवडते.
ती विचारायची, "किती भरला?"
जसा रेडा विकायचाय.
एकदा म्हणाली, दोन किलो चढवून सांग त्याला,
कंटाळून बसेल घरी.
सांगितलं मी.
दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं,
बेळगुंदीच्या चढावर तो
झाडाला धरून ओकत होता,
आणि ओकून झाल्यावर परत पळत सुटला.
त्यानंतर मी खोटा आकडा बोललो नाही,
त्याला नाही, कुणालाच नाही.

पूर्वी त्याची कुस्ती शेवटी लागायची,
दिवे लावल्यावर.
या वेळी पाचवी. चार वाजता, उन्हात,
लोक अजून येत होते, जागा धरत होते,
उसाच्या रसाचे ग्लास पुढं सरकवत होते.
समोर मुधोळकडचा बसलिंग, तेवीस वर्षांचा,
मॅटवर घडलेला,
पायांवर अजून बुटांचे वळ.

चौथ्या मिनिटाला पोरानं पट काढला.
एकशे एक किलो ओमाण्णा हवेत
(सकाळीच तोलला होता, मला ठाऊक)
आणि पोरानं त्याला हळूच खाली ठेवलं,
आजोबाला रिक्षातून उतरवावं तसं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
पोरगं चांगल्या घरचं होतं.

ओमाण्णानं त्याच्या मानेवर जी थाप मारली
ती मला वरच्या पायरीवर ऐकू आली.
"बिडब्याड," पोराच्या भाषेत,
मग रागात आपल्या,
"सोडू नको, लेका,
पाच महिने उपाशी झोपलोय मी."

मग पोरानं सोडलं नाही.
ढाक लागली. दोन्ही खांदे
ताक, हळद, लिंबू, तेल पाजलेल्या तांबड्या मातीला.
शिट्टी झाली तरी तो तसाच,
वर बघत पडून.
शेवंता उठून उभी राहिली.
मला वाटलं, गेला.
पंच वाकला, तेव्हा म्हणाला,
"किती वाजले? मला आठाला ड्युटी हाय."

दुसऱ्या पहाटे गेटवरून थेट आला,
अंगात वॉचमनचा निळा शर्ट,
एक डोळा सुजून मिटलेला.
चपला काढल्या.
मी विचारलं नाही आता कशाला.
एकशे दोन.
"काल एकशे एक होतास."
करंगळी मोडक्या कानात घालून
त्यानं थोडी तांबडी माती काढली,
बघितली,
शर्टाला पुसली.
"आत अजून हाय," म्हणाला, आणि गेला.

सवयीनं मी आकडा मोठ्यानं बोललो होतो.
सवयीनं कारकुनानं लिहिला.
संध्याकाळी गोव्याची गाडी भरून निघाली
तर बेरीज एकशे दोन किलोनं चुकत होती.
तो तीनदा मोजत बसला,
पेन्सिल कानाला लावून, ओठ हलवत.
मी तराजूच्या तळाची धूळ झाडत होतो.
काही बोललो नाही.